खडकाचं सुतक

दादा, काल दुपारी जेवल्यावर ओटीवर जरा आडवी झाले आणि तू आलास. पाणी ओसरत होतं. गुडघाभर पाण्यातून तू चालला होतास, पँट वर दुमडलेली, हातात पाण्याखालचं बघायची तुझी ती काचेच्या बुडाची बादली. मी हाक मारली. मागे न बघता तू म्हणालास, "हलू बोल मंजू, निजलीत सगली." कोण निजलीत ते विचारायच्या आत मला जाग आली. पंखा फिरत होता. अंगणात बोंबील वाळत होते, आणि पलीकडच्या टॉवरचं बांधकाम ठाकठुक चाललं होतं. मी उठून बसले, पण पाय बराच वेळ ओलेच वाटत राहिले.

हल्ली हे रोजचंच झालंय. बाजारात पापलेट कापता कापता मी तुझ्याशी बोलते. गिऱ्हाईक विचारतं, "मावशी, कोणाशी बोलताय?" मी सांगते, "भावाशी." मग ते इकडेतिकडे बघतं आणि भाव न करताच मासे घेऊन जातं, म्हणजे तेवढा तुझा उपयोग होतोय. शेवटी तुझी सुमन, आमची वहिनी, मला म्हणाली, "बाय, लोक हसतात. काय बोलायचं हाय ते एकदा लिवून काढ." मी म्हटलं, तुझा नवरा, तू लिही. तर म्हणते कशी, "मना त्याला जे बोलायचं व्हतं ते मी तो जिता असताना बोलून घेतलं." तिच्यापुढे तुझं कधी काही चाललं नाही, माझं काय चालणार? म्हणून लिहायला बसलेय.

तुझी माहिती लिहिणार नाही. जन्म कधी, मृत्यू कधी, पश्चात कोण, ते सगळं नाक्यावरच्या बॅनरवर आहे. त्या बॅनरवर तुझा फोटो इतका गोरा केलाय की मला आधी वाटलं, कोणीतरी पुढारीच वारला. त्याच्याखाली 'समाजसेवक' असं लिहिलंय. तुला समाजसेवक म्हटलेलं ऐकून तू ज्या शिव्या घातल्या असत्यास त्या मी मनातल्या मनात घालून घेतल्या.

मला आठवतो तो आपला खडक. अंधेरीत राहणाऱ्या कितीतरी लोकांना समुद्र म्हणजे जुहूची चौपाटी आणि भेळ एवढाच ठाऊक असतो. ते जिथे चपला काढून परत फिरतात, तिथून आपला सुरू होतो. कोळीवाड्याच्या धक्क्यावरून निघून खाडीच्या तोंडाबाहेर पडलं की डाव्या हाताला सासूचा खडक. भरतीला दिसत नाही, ओहोटीला अचानक डोकं वर काढतो आणि बेसावध होडीचं बूड फोडतो. नाव कुठल्या सुनेने ठेवलं ते तिलाच माहीत. लहानपणी आई आपल्याला तिथे घेऊन जायची. ती कालवं फोडत बसायची आणि आपण त्या गोल, तपकिरी, खरखरीत दगडांवर उड्या मारायचो. पाय सोलवटून घरी यायचो. ते दगड जिवंत आहेत हे तेव्हा आईलाही ठाऊक नव्हतं. पोवळं म्हणजे गळ्यातल्या माळेतला लाल मणी, तो सोनाराकडून आणायचा. पोवळ्याच्या जातीचं काहीतरी आपल्याच पायाखाली, आपल्याच गढूळ पाण्यात मुंगीच्या पावलांनी वाढतंय, हे कोणाच्या स्वप्नात येणार?

तुला ते पुढे कॉलेजच्या पोरांनी सांगितलं. ती पोरं कॅमेरे घेऊन ओहोटीला खडकावर आली होती. तुला आधी राग आला. आपला खडक, आणि हे आपल्याला शिकवणार? मग तूच दोन-चार दिवस त्यांना होडीतून फिरवलंस, वहिनीच्या हातचं सुकटीचं कालवण खाऊ घातलंस, आणि रात्री जेवताना आम्हाला सांगत बसलास की दगडाला तोंड असतं. वहिनीने विचारलं, "बोलतो का?" तू म्हणालास, "खातो." ती म्हणाली, "मग तुझ्यापेक्षा बरा."

पण तुझं डोकं खरं फिरलं होतं त्याच्याही आधी, माझ्या टपामुळे. ती सकाळ आठवतेय का तुला? आदल्या दिवशी तुझ्या जाळ्यात मोठी शेवंड आली होती, हाटेलवाले लॉबस्टर म्हणतात ती, खडकाच्या अंगची. पोटाखाली अंडी होती, पिकून काळपट झालेली. लोखंडवालातल्या एका बाईंनी मुलाच्या वाढदिवसासाठी सांगून ठेवली होती, म्हणून मी ती निळ्या टपात समुद्राचं पाणी घालून मागच्या दारी ठेवली आणि वर ओलं गोणपाट टाकलं. सकाळी तू दात घासत तिकडे गेलास आणि तिथूनच ओरडलास. मला वाटलं, मांजराने डाव साधला. धावत आले तर तू टपावर वाकलेला, तोंडात ब्रश तसाच.

टपातलं पाणी हलत होतं. नीट बघितल्यावर दिसलं, पाण्यात काचेची पानं पोहत होती, प्रत्येकाला दोन काळे ठिपके. ऊन पडलं की सगळी नाहीशी व्हायची, तुझ्या डोक्याची सावली पडली की पुन्हा दिसायची. तू डोकं मागेपुढे करत होतास आणि ती दिसत होती, नाहीशी होत होती. मागच्या दारी नळ वाहत होता, तो बंद करायचं कोणालाच सुचलं नाही.

"मंजू," तू म्हणालास, "ही सगली शेवंड हाय."

"शेवंड खाली बसलीय. ह्ये किडे पडलेत पान्यात."

"किडे नाय गो. पोरं हायत. बघ, आपल्याकरं बघतात."

मग तू टप उचललास, माझा, नवाकोरा, आणि डोक्यावर घेऊन निघालास. मी मागून ओरडतेय, "अरे, आई तरी काढून ठेव! गिऱ्हाईकाला सांगितलंय!" तू ढिम्म. वाड्यातले लोक दारात येऊन बघत होते. टपातलं पाणी तुझ्या खांद्यावरून सांडत होतं आणि तू एका हाताने ते अडवत होतास, त्यात एखादं पोर गेलं असेल म्हणून. होडी काढलीस, खडकापर्यंत गेलास आणि सगळं तिथे सोडून आलास, आईसकट. मी लोखंडवालाच्या बाईंना शेवंडीऐवजी कोळंबी नेऊन दिली. त्यांनी पुन्हा माझ्याकडून काडीही घेतली नाही. ते गिऱ्हाईक तुझ्यामुळे गेलं हे मी तुला प्रत्येक भाऊबीजेला ओवाळताना आठवण करून दिलं, आणि पुढच्याही भाऊबीजेला देणार होते.

त्यानंतर तुझा हट्ट सुरू झाला. खडकाच्या भोवती कोणी जाळं टाकायचं नाही. नांगर टाकायचा नाही. अंडी असलेली शेवंड कुठेही मिळाली तरी पाण्यात परत. कॉलेजची पोरं येऊन गेल्यावर त्यात आणखी एक, कालवं वरच्या अंगाला फोडा, पण गोल दगडांना कोयता लावू नका. लोक हसले. तू घरोघर फिरलास. कोणाचा मांडव घालायचा असो, कोणाच्या इंजिनात हात काळे करायचे असोत, तू पुढे असायचास, त्यामुळे तुला तोंडावर नाही म्हणणं लोकांना जड गेलं. "मोरूदादा बोलतोय ना, ऱ्हाऊ दे एक खडक," असं म्हणत एकेक घर कबूल झालं. कागदावर काही आलं नाही, कुठे पाटी लागली नाही. नुसत्या तुझ्या शब्दावर सगळं चाललं होतं. तू गेल्यावर काय, हे तू कोणाला विचारलं नाहीस. आम्हीही कोणी तो विषय काढला नाही.

मी काही कबूल झाले नव्हते. माझी होडी तिकडे गेली नाही, कारण तू भाऊ होतास. पण तोंड बंद ठेवलं नाही. "दादा, बाहेर मोठ्या बोटी दिवे लावून समुद्र खरवडून नेतात. त्यांना कोन विचारतं? आन् आपन खडकाची पूजा करत बसायची?"

"त्यांच्याशी भांडायला मी मोर्चात येतोच ना. पन सासूच्या खडकावर कोन येतं सांग. त्या बोटी येतात? आपनच येतो."

"जुहूच्या हाटेलात शेवंडीला काय भाव हाय, ठावं हाय तुना?"

"म्हनून तर."

"मंग मी काय विकू? तुझी बादली?"

इथे वहिनी मधे पडायची आणि दोघांच्या ताटात न विचारता भात वाढायची. माझं म्हणणं आजही तेच आहे, दादा. तू गेलास म्हणून मला ते पटलं असं समजू नकोस. माझे मालक गेले, मी माहेरी तुमच्याकडे आले, तेव्हापासून माझी होडी खलाशांवर चालते. वारा पडला, मासा लागला नाही, तरी त्यांचं पोट मला बघावं लागतं. ज्यांचं हातावर पोट आहे त्यांनाच दरवेळी हात आवरायला सांगायचं, हा कुठला न्याय? तू हसायचास, आणि पुढच्या हंगामात मला खडकाच्या बाहेरच्या पाण्यात न्यायचास. मासा वाढला होता, ते मी नाकारत नाही. पण तो तुझ्या खडकामुळे वाढला की ते वर्षच बरं गेलं म्हणून, ह्यावर आपलं एकमत व्हायचं राहिलं. मागच्या होळीला तू म्हणालास, "पुढल्या साली बघू." मी म्हटलं, बघू.

गाभोळीचं भांडण मात्र गोड होतं. आई पापलेट चिरायला बसली की तू मोरीपाशी उकिडवा बसून राहायचास. माशाच्या पोटातली अंडी, गाभोळी, निघाली की ती तुझी, मला नुसता वास. टपाच्या प्रकारानंतर तू ती सोडलीस. मी मुद्दाम तुझ्यासमोर तळायची, तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून, चांगली चुरचुरीत. तू पेपरात तोंड घालून बसायचास, आणि पेपर उलटा. "मासा मेलाय रे," मी म्हणायची, "आता अंडी टाकून काय होनार?" "तू खा ना," तू म्हणायचास, "मी वास घेतो." परवा एका पापलेटात मोठी गाभोळी निघाली. तळली. पहिला घास घेतला आणि समोर पेपर उलटा धरून बसलेलं कोणी नव्हतं. ताटली वहिनीपुढे सरकवली. शेवटी वहिनीने आणि मी मिळून ती संपवली.

एक सकाळ मात्र मी कधीच विसरणार नाही. थंडीचे दिवस होते, कितीतरी दिवस वारा नव्हता. मी टोपली घेऊन बाजाराला निघाले होते आणि तू वाटेत आडवा आलास. "टोपली ठेव. चल. पानी निवललंय." आपल्या मुंबईच्या पाण्यात हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत, तिथे पाणी निवळलंय म्हणतोस! तरी आले. तू होडी खडकाच्या कडेला आणलीस, वल्हं आडवं धरून ती तशीच थोपवून ठेवलीस, नांगर नाही टाकलास. मी गुडघ्यांवर बसून बादलीत तोंड घातलं.

आधी माझाच श्वास काचेवर जमला. तो पुसला. मग हिरवं, नुसतं हिरवं. आणि हळूहळू त्या हिरव्यातून खडक वर आला. मला फक्त त्याचं डोकं माहीत होतं. खाली तो केवढा होता! उतरत उतरत, उतरत उतरत जात होता. आपण ज्यांवर उड्या मारायचो ते गोल दगड, त्यांच्यावर इवली इवली तोंडं उघडी होती. कपारीकपारीतून शेवंडींच्या लांब मिशा बाहेर आलेल्या, सगळ्या एका लयीत हलत होत्या. इतके बारीक मासे होते की त्यांचा रंग ते वळल्यावरच कळायचा. कसलाच आवाज नव्हता. तेवढ्यात सांताक्रूझहून उडालेलं विमान वरून गेलं असणार, कारण त्याची सावली खडकावरून सरकली, आणि सगळ्या मिशा एकदम आत गेल्या. खडक रिकामा झाला. मी श्वास धरून थांबले. मग एक मिशी बाहेर आली, मग दुसरी. आपला आजा, आपला बाप, सगळे ह्याच्यावरून होडी नेत आले होते आणि कोणी खाली बघितलं नव्हतं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. तू हळूच विचारलंस, "काय दिसलं?"

मी तोंड वर काढलं आणि म्हटलं, "सासू बरी हाय. आराम करते."

तू इतका हसलास की होडी हलली. मला खरं तर म्हणायचं होतं, दादा, आणखी थोडा वेळ थांबू. मला म्हणायचं होतं, उद्या पुन्हा आण. पण बाजाराची वेळ झाली होती आणि आपल्या दोघांत गोड बोलायची पद्धतच नव्हती. पाणी पुन्हा तसं निवळलं ते नेमकं मी नसताना. आज सांगते, त्या सकाळबद्दल मी तुझी फार ऋणी आहे. मरेपर्यंत राहीन.

मग तू गेलास. दहाव्याला पिंड ठेवला, शेजारी वहिनीने तुझ्या आवडीचा तळलेला बोंबील ठेवला. आम्ही सगळे तयारीने गेलो होतो. हा हट्टी माणूस कावळ्याला दुपारपर्यंत ताटकळत ठेवणार, अशी माझी खात्री होती. आणि काय सांगू, हात काढतोय तोवर कावळा आला आणि बोंबील उचलून पसार झाला. भटजीसुद्धा बघत राहिले. वहिनी म्हणाली, "सुटला गो बिचारा." मला मात्र तुझा राग आला. इतकी घाई होती तुला?

त्याच संध्याकाळी देवळाच्या मंडपात वाड्याची बैठक बसली. भालू उठला. आपल्या मामाचा भालू, तुझ्याबरोबर पोहायला शिकलेला. वाईट माणूस नाही तो, हे मी आधीच लिहून ठेवते.

"मोरूदादा देवमानूस व्हता," भालू म्हणाला. "त्याच्या शब्दाखातर आपन इतकी वर्सं खडक सोडला. आता तो गेला. कावला पन लगेच शिवला, म्हंजे त्याची काय इच्छा बाकी नव्हती. उद्यापासून खडक मोकला करा."

माना हलल्या. डिझेल काय भावाने मिळतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मग वाड्याच्या पाटलांनी माझ्याकडे बघितलं. "मंजूबाय, तू त्याची बहीन. आन् तू तर कायम त्याच्या विरुद्ध बोललीस. तू सांग."

सगळ्यांना वाटलं, मी हो म्हणणार. मलाही तसंच वाटत होतं. माझं म्हणणं मान्य व्हायची वेळ आली होती आणि मी एका शब्दाने ते पदरात पाडून घेणार होते. उठून उभी राहिले. पण कानात भालूचा 'मोकला' घुमत होता. तू मेलास आणि खडक मोकळा झाला? म्हणजे इतकी वर्षं तू त्याला कोंडून ठेवलं होतंस की काय? बोलायला गेले एक आणि तोंडून निघालं भलतंच.

"खडकाला सुतक हाय," मी म्हणाले.

भालू खाली बसत होता तो पुन्हा उभा राहिला.

आपली रीत तुला सांगायला नको, पण हे दुसऱ्या कोणाच्या हाती पडलं तर त्यांना कळावं म्हणून लिहिते. आपल्या वाड्यात घरातलं माणूस गेलं की त्या घराची होडी धक्क्याला बांधून ठेवतात. समुद्रात त्या घराची जाळ्याची जी जागा असेल, तिथे सुतक फिटेपर्यंत दुसरं कोणी जाळं टाकत नाही. मग लग्न होऊन गेलेली बहीण येते, होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हळदकुंकू लावते आणि आपल्या हाताने दोर सोडते. तिने दोर सोडला की जागा उघडली. बाकी हजार गोष्टींवर भांडतील, पण ह्या रीतीला अजून कोणी हात लावलेला नाही.

"अगो, खडक काय त्याच्या घरचा हाय?" भालूने विचारलं.

"मंग कोनाच्या घरचा? तो घरात किती असायचा आन् खडकावर किती, ते वहिनीला विचार. त्याच्यावर अडकलेली फाटकी जाली कोनी सोरवली इतकी वर्सं? तुझं जालं अडकलं तवा पान्यात उतरून कोनी कापून काढलं? त्याची जाल्याची जागा तीच. त्यानं तिथं जालं टाकलं नाय, तो त्याचा शहानपना. जागा त्याची."

"आन् कावला शिवला तो?"

"कावल्यानं बोंबील बघितला रे. त्याला काय तू खडकाचं विचारलंवतंस?"

मागे कोणीतरी हसलं. पाटील हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "सुतक तर सुतक. मंजूबाय दोर सोरंल तवा." आणि बैठक उठली.

घरी आले. वहिनीने चहा पुढे केला. "तू त्याच्या विरुद्ध व्हतीस ना?" तिने विचारलं.

"हायच."

"मंग असं काय केलंस?"

"तो भालू मोकला बोलला."

ती माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. आम्ही दोघी तशाच बसलो. दारातून येणारे-जाणारे बघत होते, बघेनात का.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ओहोटीला मी तुझी बादली घेऊन खडकावर गेले. लग्न झालेल्या बहिणीचं सुतक लवकर फिटतं, त्यामुळे मला कोणी अडवलं नाही. माझ्या होडीवरच्या खलाशाने नेलं. खडकाने डोकं वर काढलं होतं, वर शेवाळ आणि कालवं, एक बगळा. मी पाण्यात बादली टेकवली. गढूळ. चहाच्या रंगाचं पाणी, त्यात तरंगणारी प्लास्टिकची पिशवी, बाकी काही नाही. पिशवी काढून होडीत टाकली आणि पुन्हा बघितलं. काहीच दिसलं नाही. तरी मी बघत राहिले. खाली त्या मिशा असतील, ती तोंडं उघडी असतील, असं म्हणत बघत राहिले. ऊन पाठीवर आलं. आणि माझ्या लक्षात आलं, तुलाही बहुतेक दिवस काही दिसत नसणार. तू घरी येऊन सांगायचास ते सगळं त्या एखाद्या निवळलेल्या सकाळचं होतं, आणि बाकीचे दिवस तू गढूळ पाण्यात बघत बसायचास. हे तू मला कधी बोलला नाहीस. बोलला असतास तर मी तुला वेड्यात काढलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तुझ्याबरोबर आले असते.

तेराव्याला भरती दुपारची होती. सगळा वाडा धक्क्यावर जमला. तुझी होडी धुतली होती, वहिनीने नाळेला झेंडूचा हार घातला होता. मी हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला आणि दोराला हात घातला. गाठ सुटेना. तूच बांधलेली होती ती. त्या दिवशी होडी बांधून घरी गेलास आणि पुन्हा धक्क्यावर आलाच नाहीस. पाण्याने आणि उन्हाने गाठ आवळून दगड झाली होती. कोणीतरी सुरी पुढे केली. मी नको म्हटलं. नखं लावली, दात लावले, तोंडात खारट चव आली. तुझ्या हाताने घातलेलं एकेक वेटोळं मी उलटं सोडवत गेले, आणि मला वाटत होतं ते संपूच नये. मग दोर एकदम सैल पडला. होडी पाण्यावर हलली, धक्क्यापासून थोडी लांब गेली. वहिनीने पदराने तोंड झाकून घेतलं. तू तेव्हा गेलास, दादा. माझ्यासाठी तू तेव्हा गेलास.

सुतक फिटलं होतं. बाकीच्या होड्याही निघायच्या तयारीत होत्या. भालू आपल्या होडीवर उभा होता, जाळी लादलेली. तो मोठ्याने बोलला नाही, पण सगळ्यांनी ऐकलं.

"मंजू, आन् खडकाचा?"

सगळी माणसं माझ्याकडे बघायला लागली. पाटीलही. मी हातातला ओला दोर गुंडाळत होते, तो तसाच गुंडाळत राहिले.

"खडकाला दोर कुठं हाय रे भालू?" मी म्हणाले. "सोरू काय?"

भालूने पाटलांकडे बघितलं. पाटील समुद्राकडे बघत होते. थोड्या वेळाने भालूची होडी निघाली, तिच्यामागून माझी. खाडीच्या तोंडाबाहेर पडल्यावर दोन्ही होड्या खडकाला लांबून वळसा घालून बाहेरच्या पाण्याकडे गेल्या. खडकाबद्दलचं तुझं म्हणणं मला आजही पटलेलं नाही. पण मी जिवंत आहे तोवर तिथे जाळं पडणार नाही, दादा.